ई-पोर्टफोलिओ : संचिका कोणाची, वाचक कोण?

विज्ञान शाखेच्या विद्यार्थ्याच्या हाती वर्षअखेरीस एक जर्नल असते. प्रयोगाचा हेतू, साहित्य, कृती, निरीक्षणे आणि अनुमान अशा ठरलेल्या क्रमाने ते लिहिलेले असते. पानापानावर शिक्षकाची सही आणि तारीख असते, पहिल्या पानावर विभागप्रमुखांचे प्रमाणपत्र असते. हे जर्नल पुष्कळदा मागच्या वर्षीच्या जर्नलवरून उतरवलेले असते, हे उतरवणाऱ्याला ठाऊक असते आणि सही करणाऱ्यालाही. तरीही जर्नलाची मूळ कल्पना चुकीची होती असे कोणी म्हणणार नाही. विद्यार्थ्याने जे केले, जे पाहिले आणि त्यावरून जे ताडले ते त्याच्याच शब्दांत नोंदवलेले असावे, ही ती कल्पना. तिचे काय झाले हे लक्षात ठेवूनच उच्च शिक्षणातील ई-पोर्टफोलिओ या नव्या साधनाकडे पाहणे इष्ट ठरेल.

ई-पोर्टफोलिओ म्हणजे विद्यार्थ्याने आपल्या कामाचे निवडक नमुने संगणकावर, एका संकेतस्थळाच्या रूपात मांडून ठेवलेली संचिका. निबंध, प्रकल्प, प्रात्यक्षिकांचे अहवाल, छायाचित्रे, ध्वनिमुद्रणे, प्रशिक्षणकाळातील नोंदी असे बरेच काही तीत असू शकते. परंतु नुसत्या साठ्याला पोर्टफोलिओ म्हणत नाहीत. हा नमुना का निवडला, त्यातून काय समजले, काय जमले नाही, यासंबंधी विद्यार्थ्याने केलेले चिंतन-लेखन हे पोर्टफोलिओचे दुसरे आणि अधिक महत्त्वाचे अंग होय. एकाच साधनातून अध्ययनही सुधारते आणि नोकरीचा मार्गही सुकर होतो, असा दावा त्याच्या पुरस्कर्त्यांकडून केला जातो. प्रस्तुत लेखात या दाव्याचे परीक्षण करावयाचे आहे. त्यासाठी अमेरिकेतील एका कम्युनिटी कॉलेजचा अनुभव आणि त्या अनुभवातून सिद्ध झालेला एक ग्रंथ आधाराला घेतला आहे.

संकल्पनेचा प्रवास

पोर्टफोलिओ ही चीज मुळात चित्रकार, वास्तुशिल्पी आणि छायाचित्रकार यांची. काम मागायला जाताना ते आपली चित्रे किंवा आराखडे एका मोठ्या पाकिटात घालून नेत. शिक्षणक्षेत्रात ही कल्पना रुजली ती लेखन-अध्यापनाच्या वर्गातून. न्यूयॉर्क राज्य विद्यापीठाच्या स्टोनी ब्रूक येथील केंद्रात पीटर एल्बो आणि पॅट बेलानॉफ या अध्यापकांनी लेखन-प्रावीण्याच्या परीक्षेऐवजी पोर्टफोलिओची पद्धत सुरू केली व 1986 मध्ये तिचे विवेचन प्रसिद्ध केले. तासाभरात लिहिलेल्या एका उत्तरावरून विद्यार्थ्याला लिहिता येते की नाही हे ठरवणे अन्यायाचे आहे, त्याने सत्रभर पुन:पुन्हा सुधारून लिहिलेले काम पाहावे, असा त्यांचा आग्रह होता. ते काम वर्गशिक्षकाखेरीज दुसरा अध्यापकही वाचत असे, ही त्या पद्धतीतील महत्त्वाची तरतूद होती. पोर्टफोलिओला आरंभापासून एक खरा वाचक होता, हे येथे ध्यानात घ्यावे.

मिलवॉकी येथील अल्व्हर्नो या स्त्रियांच्या महाविद्यालयाने 1973 पासून क्षमताधिष्ठित अभ्यासक्रम स्वीकारला होता. त्याच महाविद्यालयातील मेरी डीझ यांनी 1994 मध्ये पोर्टफोलिओसाठी तीन उपमा वापरल्या : सुनीत, आरसा आणि नकाशा. सुनीताप्रमाणे त्याला चौकट असते आणि त्या चौकटीतच निर्मितीला वाव असतो. आरशाप्रमाणे तो विद्यार्थ्याला त्याचे रूप दाखवतो. नकाशाप्रमाणे पुढची वाट आखायला मदत करतो. पुढे महाजालाचा प्रसार झाला आणि कागदाच्या फायली संगणकावर गेल्या. ब्रिटनमध्ये 1997 च्या डिअरिंग समितीने प्रत्येक विद्यार्थ्यासाठी प्रगती-संचिका असावी अशी शिफारस केली. तिचे दोन भाग होते : संस्थेने द्यावयाचे अधिकृत गुणपत्रक आणि विद्यार्थ्याने स्वत:च्या विकासासाठी करावयाच्या नोंदी. हे दोन भाग वेगळे ठेवण्यामागील शहाणपणाचा विचार पुढे करावयाचा आहे.

त्यानंतरची काही वर्षे उत्साहाची होती. 2010 पर्यंत प्रत्येकाच्या हाती ई-पोर्टफोलिओ असावा, अशी मोहीम युरोपात चालवण्यात आली. 2010 उलटून गेले, आणि ते काही घडले नाही. अमेरिकेत मात्र या साधनाला संस्थात्मक मान्यता मिळत गेली. जॉर्ज कुह यांनी 2008 मध्ये अधिक परिणाम साधणाऱ्या दहा शैक्षणिक पद्धतींची यादी मांडली होती. प्रथम वर्षाचे परिसंवाद-वर्ग, संशोधनात विद्यार्थ्यांचा सहभाग, इंटर्नशिप इत्यादी पद्धती तीत होत्या. 2016 मध्ये अमेरिकन महाविद्यालये व विद्यापीठांच्या संघटनेने ई-पोर्टफोलिओला अकरावे स्थान दिले.

लागार्डियाचा प्रयोग

न्यूयॉर्क शहराच्या क्वीन्स भागातील लागार्डिया कम्युनिटी कॉलेज 1971 मध्ये सुरू झाले. अमेरिकेतील कम्युनिटी कॉलेज म्हणजे मुख्यत: दोन वर्षांची पदविका देणारे, तुलनेने कमी शुल्काचे आणि प्रवेशासाठी दारे उघडी ठेवणारे महाविद्यालय. लागार्डियाचे विद्यार्थी बहुतांशी स्थलांतरितांच्या कुटुंबांतील आहेत. शंभराहून अधिक देशांतून आलेली माणसे तेथे शिकतात. अनेकांची मातृभाषा इंग्रजी नाही, अनेक जण नोकरी सांभाळून शिकतात, आणि घरातून महाविद्यालयात जाणारी पहिली व्यक्ती असाही त्यांतील पुष्कळांचा परिचय असतो. अभ्यासक्रमाचा भाग म्हणून विद्यार्थ्यांना प्रत्यक्ष कामावर पाठवण्याची प्रथा या महाविद्यालयात स्थापनेपासूनच होती. म्हणजे अध्ययन आणि उपजीविका यांचा सांधा जोडण्याचा विचार तेथे संगणकाच्या आधीपासून चालत आला होता.

2001 च्या सुमारास तेथे ई-पोर्टफोलिओचा उपक्रम सुरू झाला. महाविद्यालयाने सुरुवात केली ती अध्यापकांच्या वर्षभर चालणाऱ्या अभ्यासगटांपासून, आज्ञावलीचा नंबर त्यानंतरचा. निरनिराळ्या विषयांचे अध्यापक एकत्र बसून आपल्या वर्गात पोर्टफोलिओचा उपयोग कसा करावा, चिंतन-लेखनासाठी कोणते प्रश्न द्यावेत, याची चर्चा करीत. विद्यार्थ्यांसाठी तासाला जोडून संगणककक्षात स्वतंत्र वेळ ठेवला गेला, आणि त्या वेळेत मदतीला त्याच महाविद्यालयातील पुढच्या वर्गांतील प्रशिक्षित विद्यार्थी असत. स्वत:ची ओळख करून देणाऱ्या पानापासून आरंभ होई. देश सोडून आल्याची हकीकत, आईवडिलांचे कष्ट, शिक्षण अर्धवट सुटल्याची खंत या गोष्टी त्या पानावर येत. आणि मग त्याच संचिकेत वर्गातील कामे, पुढील शिक्षणाच्या योजना, व्यवसायाची उद्दिष्टे यांची भर पडे.

या प्रयोगाचे एक प्रमुख प्रवर्तक ब्रेट आयनन आणि न्यूयॉर्कमध्येच 2012 साली सुरू झालेल्या गटमन कम्युनिटी कॉलेजमध्ये काम केलेल्या लॉरा गॅम्बिनो या दोघांनी मिळून 2017 मध्ये 'हाय-इम्पॅक्ट ई-पोर्टफोलिओ प्रॅक्टिस' हा ग्रंथ प्रसिद्ध केला. लागार्डियाच्या पुढाकाराने 24 शिक्षणसंस्थांचे एक जाळे उभे राहिले होते. त्या संस्थांचा अनुभव या ग्रंथाला आधारभूत आहे.

ग्रंथाचे बलस्थान

ग्रंथाची मांडणी तीन तत्त्वांभोवती आहे : जिज्ञासा, चिंतन आणि विविध अनुभवांची सांधणी. ही तत्त्वे महाविद्यालयाच्या कारभाराच्या पाच क्षेत्रांत कशी उतरवावीत हे लेखकद्वय सविस्तर सांगते. अध्यापन, अध्यापकांचा व्यावसायिक विकास, निष्पत्तींचे मूल्यमापन, तंत्रज्ञान आणि उपक्रमाचा विस्तार ही ती पाच क्षेत्रे. तंत्रज्ञान हे पाचांपैकी केवळ एक, हे विशेष महत्त्वाचे. पोर्टफोलिओ अपयशी ठरतो तेव्हा दोष बहुधा आज्ञावलीवर ढकलला जातो. प्रत्यक्षात अध्यापकांची तयारी नसणे आणि वेळापत्रकात जागा नसणे ही कारणे अधिक खरी असतात. ग्रंथाने हे नि:संदिग्धपणे पुढे आणले आहे.

चिंतन म्हणजे मनाला येईल ते लिहिणे नव्हे, हा ग्रंथाचा दुसरा मोलाचा विचार. जॉन ड्युई यांनी 1910 मध्येच चिंतनशील विचाराला शिस्त असते हे सांगितले होते. डोनाल्ड शोन यांनी 1983 मध्ये व्यावसायिक माणूस काम करता करता कसा विचार करतो याचे विवेचन केले. ही परंपरा ग्रंथकारांनी वर्गापर्यंत आणली आहे. ती कशी उतरते हे एका कल्पित उदाहरणाने स्पष्ट करता येईल. समजा, वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्याने आपल्या गावातील किराणा दुकानाच्या हिशेबावर प्रकल्प केला. शेवटी तो लिहितो : 'या प्रकल्पातून मला खूप काही शिकायला मिळाले व माझा आत्मविश्वास वाढला.' हे वाक्य कोणत्याही प्रकल्पाला जोडता येते, म्हणून ते काहीच सांगत नाही. त्याऐवजी त्याने असे लिहिले तर : 'रोकडवही आणि उधारीची वही जुळत नव्हती. आधी बेरीज चुकली असे वाटले. मग लक्षात आले, की उधारी वसूल झाली तरी दुकानदार ती आठवड्याने नोंदवतो. रोख पद्धत आणि उपार्जित पद्धत यांतील फरक परीक्षेत लिहिला होता, पण कळला तो या दुकानात.' या चार ओळींत चूक आहे, शंका आहे, शोध आहे आणि पुस्तक व व्यवहार यांची गाठही पडली आहे. असे लिहिणारा विद्यार्थी आपोआप घडत नाही. पहिले वाक्य परत पाठवून 'म्हणजे नेमके काय?' असे विचारणारा शिक्षक त्याच्यामागे असावा लागतो.

पुराव्याच्या मर्यादा

ग्रंथाचा पहिला दावा असा, की ई-पोर्टफोलिओ नीट वापरला तर विद्यार्थ्यांचे यश वाढते. उत्तीर्णांचे प्रमाण, गुणांची सरासरी आणि पुढील सत्रात टिकून राहणाऱ्यांचे प्रमाण यांविषयी सहभागी संस्थांनी दिलेली आकडेवारी त्यासाठी मांडली आहे. पोर्टफोलिओ असलेले वर्ग आणि नसलेले वर्ग यांची तुलना पहिल्या वर्गांच्या बाजूने जाते. या पुराव्याकडे थोड्या सावधपणे पाहणे आवश्यक आहे.

एक तर विद्यार्थ्यांची दोन गटांत यादृच्छिक विभागणी केलेली असल्याशिवाय अशी तुलना कारण आणि परिणाम सिद्ध करीत नाही. दुसरे असे, की पोर्टफोलिओ वापरणारे अध्यापक हे बहुधा प्रशिक्षण घेतलेले, स्वत:हून पुढे आलेले, उत्साही अध्यापक असतात. त्यांच्या वर्गात तासाला जोडून जादा वेळ मिळतो, मदतनीस विद्यार्थी मिळतात. मग फरक पडला तो पोर्टफोलिओमुळे, की चांगल्या शिक्षकामुळे, की जादा तासामुळे? ग्रंथातील आकडे ही उकल करू शकत नाहीत. तिसरी बाब म्हणजे ग्रंथकार स्वत:च या चळवळीचे नेते आहेत. त्यामुळे त्यांच्या प्रामाणिकपणावर शंका घेण्याचे कारण नाही. मात्र जेथे उपक्रम बंद पडला अशा संस्थांचा अनुभव अशा ग्रंथात पुरेसा येणे अवघड असते. यश मिळालेल्यांनीच यशाची कथा सांगितली की अपयशाची कारणे अंधारात राहतात.

तथापि या आक्षेपातूनच एक उपयुक्त निष्कर्ष हाती येतो. शिक्षकाची तयारी, जादा वेळ आणि सोबती विद्यार्थ्याची मदत यांच्यापासून पोर्टफोलिओ वेगळा काढता येत नसेल, तर या तीन गोष्टी न देता केवळ पोर्टफोलिओ सक्तीचा करणाऱ्या महाविद्यालयाला लागार्डियाच्या यशाचा दाखला देण्याचा अधिकार राहत नाही.

एका संचिकेचे तीन धनी

खरी अडचण याहून खोल आहे. ई-पोर्टफोलिओला एकाच वेळी तीन वाचकांची मर्जी राखावी लागते. पहिला वाचक शिक्षक, ज्याला विद्यार्थ्याची विचारप्रक्रिया पाहायची असते. दुसरा मूल्यांकन समिती. महाविद्यालयाने ठरवलेली उद्दिष्टे साध्य झाली की नाही याचा पुरावा तिला हवा असतो. अमेरिकन महाविद्यालयांच्या संघटनेने 2009 मध्ये लेखन, चिकित्सक विचार इत्यादी क्षमतांसाठी समान गुणनिकषांचे तक्ते प्रसिद्ध केले, आणि पोर्टफोलिओतील काम त्या तक्त्यांवर तपासण्याची प्रथा वाढली. तिसरा वाचक नोकरी देणारा. त्याला कमीत कमी वेळात उमेदवाराची लायकी कळायला हवी असते.

या तिघांच्या अपेक्षा परस्परविरोधी आहेत. शिक्षकाला विद्यार्थ्याची चूक पाहायची आहे, कारण शिकणे चुकीपासून सुरू होते. नोकरी देणाऱ्याला चूक दाखवणे विद्यार्थ्याच्या हिताचे नाही. समितीला सर्व विद्यार्थ्यांच्या संचिका एकाच साच्यातील हव्यात, म्हणजे तुलना करता येईल; शिक्षकाला प्रत्येकाची वेगळी हवी. हेलन बॅरेट आणि जोअॅन कार्नी यांनी 2005 मध्येच या विरोधाकडे लक्ष वेधले होते. आपली संचिका उद्या कोणीही उघडेल हे ठाऊक असलेला विद्यार्थी आजच सावध होतो. तो किराणा दुकानातील न जुळलेल्या वह्यांविषयी लिहीत नाही. 'आत्मविश्वास वाढला' एवढेच लिहितो. हे निर्जीव वाक्य आळशीपणाचे असेलच असे नाही. ते पुष्कळदा भीतीचे असते.

ग्रंथकारांच्या मते या तीन हेतूंचा मेळ घालता येतो, आणि मूल्यमापनातून मिळालेली माहिती अध्यापन सुधारण्यासाठी वापरली तर संपूर्ण संस्थाच शिकती होते. तत्त्वत: हे मान्य करता येईल. परंतु संस्था शिकते आहे त्याच वेळी विद्यार्थी बोलायचा थांबला आहे का, हा प्रश्न ग्रंथात हवा तितक्या जोराने विचारलेला नाही. डिअरिंग समितीने अधिकृत गुणपत्रक आणि वैयक्तिक नोंदी हे भाग अलग ठेवले, त्यामागे हीच जाणीव असावी. पोर्टफोलिओतही कामाची खोली आणि दिवाणखाना अशी दोन दालने असणे अगत्याचे आहे. कामाच्या खोलीत पसारा चालतो. तेथे शिक्षकाला आणि सोबत्याला प्रवेश असतो. दिवाणखान्यात काय मांडायचे हे विद्यार्थी ठरवतो, आणि परक्याला फक्त तेथेच बसवतो.

नोकरीचा दावा

2013 मध्ये उपरोक्त संघटनेसाठी झालेल्या एका पाहणीत पाचांपैकी चाराहून अधिक अमेरिकन नियोक्त्यांनी पोर्टफोलिओ आपल्याला उपयुक्त वाटेल असे सांगितले. पुरस्कर्त्यांच्या लेखनात हा आकडा वारंवार येतो. मात्र 'उपयुक्त वाटेल' असे सांगणे आणि शेकडो अर्ज समोर असताना एकेक दुवा उघडून वाचत बसणे यांत फार अंतर आहे. मोठ्या कंपन्यांत अर्जांची पहिली चाळणी पुष्कळदा संगणकच करतो, आणि संगणक चिंतन-लेखन वाचून हेलावत नाही.

काही व्यवसायांत अर्थातच नमुना पाहिल्याशिवाय काम मिळत नाही. वास्तुरचना, ग्राफिक डिझाइन, छायाचित्रण, पत्रकारिता ही त्याची जुनी उदाहरणे. संगणक-प्रणाली लिहिणाऱ्यांसाठी 2008 पासून गिटहब हे व्यासपीठ तेच काम करीत आले आहे. अन्य क्षेत्रांत पोर्टफोलिओचा फायदा अप्रत्यक्ष असतो. ज्या मुलीने दोन वर्षे आपल्या कामाविषयी लिहिले आहे, तिला मुलाखतीत 'तुम्ही आजवर काय केले?' या प्रश्नावर अडखळावे लागत नाही. एखादे काम, त्यातील अडचण, तिने काढलेली वाट आणि परिणाम हे ती क्रमाने सांगू शकते. नियोक्त्याने तिची संचिका कधी उघडली नाही तरी संचिकेने आपले काम केलेले असते. पोर्टफोलिओमुळे नोकरी मिळते असे आश्वासन देण्याऐवजी पोर्टफोलिओमुळे स्वत:च्या कामाविषयी बोलता येते, असे विद्यार्थ्यांना सांगणे अधिक प्रामाणिक होईल. ज्या घरात कार्यालयीन नोकरीची मुलाखत आजवर कोणी दिली नाही, त्या घरातील मुलांसाठी हाही लाभ लहान नाही.

टिकाऊपणा आणि खासगीपणा

कागदाचे जर्नल कपाटात वीस वर्षे राहते. संगणकावरील संचिका किती काळ राहील हे तिच्या मालकावर अवलंबून असते, आणि तो मालक सहसा विद्यार्थी नसतो. ऑर्कुट 2014 मध्ये बंद झाले. फ्लॅश या तंत्राचा आधार 2020 च्या अखेरीस काढून घेण्यात आला व त्यावर बेतलेली असंख्य सादरीकरणे उघडेनाशी झाली. महाविद्यालयाचा एखाद्या कंपनीशी असलेला करार संपला तर त्या कंपनीच्या व्यासपीठावरील संचिकांचे काय होणार, हे करार करतानाच ठरायला हवे. न्यूझीलंडमध्ये 2006 साली सुरू झालेली माहारा ही आज्ञावली मुक्त स्रोताची आहे. माओरी भाषेत माहारा म्हणजे विचार करणे. असे पर्याय आहेत, पण तेही चालवायला जाणकार माणूस लागतो. शिक्षण पूर्ण करताना विद्यार्थ्याला आपली संपूर्ण संचिका साध्या फायलींच्या रूपात सोबत नेता यावी, एवढी किमान अट तरी प्रत्येक महाविद्यालयाने घालावी.

दुसरा मुद्दा खासगीपणाचा. आपले नाव, छायाचित्र आणि गाव सर्वांसमोर असावे असे प्रत्येक विद्यार्थ्याला, विशेषत: प्रत्येक विद्यार्थिनीला वाटेलच असे नाही. घरची परिस्थिती सांगणारे हृदयस्पर्शी पान शिक्षकाला आवडते, महाविद्यालयाच्या माहितीपत्रकात शोभून दिसते. पण लिहिणारीला ते पाच वर्षांनी नको वाटू शकते. अमेरिकेत विद्यार्थ्यांच्या शैक्षणिक नोंदींना 1974 च्या कायद्याने संरक्षण दिले आहे. भारतात व्यक्तिगत डिजिटल माहितीच्या संरक्षणाचा कायदा 2023 मध्ये संमत झाला. कायदा काहीही असो, संचिका मुळात बंद असावी आणि ती उघडण्याचा निर्णय विद्यार्थ्याचा असावा, हा साधा शिष्टाचार आहे.

आपल्या महाविद्यालयांच्या संदर्भात

भारतात कम्युनिटी कॉलेजची कल्पना 1995 मध्ये पाँडिचेरी विद्यापीठाच्या पुढाकाराने आली. 2020 च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने शालेय स्तरावर सर्वांगीण प्रगतिपत्रकाची कल्पना मांडली, आणि 2021 मध्ये उच्च शिक्षणासाठी श्रेयांकांची बँक अस्तित्वात आली. डिजिलॉकर त्याआधीच, 2015 मध्ये आला होता. या व्यवस्था उपयुक्त आहेत. मात्र त्यांना पोर्टफोलिओ समजण्याची गल्लत होऊ नये. श्रेयांकांची बँक किती शिकले हे नोंदवते, डिजिलॉकर प्रमाणपत्र जपून ठेवतो. काय शिकले आणि कसे शिकले हे त्यांपैकी कोणीच सांगत नाही.

ई-पोर्टफोलिओ सुरू करू पाहणाऱ्या महाविद्यालयाने आधी एक साधा हिशेब मांडावा. वर्गात 60 विद्यार्थी आहेत. प्रत्येकाचे चिंतन-लेखन वाचून दोन ओळींचा अभिप्राय द्यायला 10 मिनिटे लागतात. म्हणजे एका फेरीला 600 मिनिटे, अर्थात 10 तास. सत्रात दोन फेऱ्या केल्या तर 20 तास. हे तास शिक्षकाच्या कार्यभारात मोजले जाणार आहेत का? उत्तर नकारार्थी असेल, तर उपक्रमाचे भवितव्य जर्नलाने आधीच सांगून ठेवले आहे. पानावर सही होईल, वाचन होणार नाही. आणि जे वाचले जात नाही ते उतरवले जाते, हे विद्यार्थ्यांना शिकवावे लागत नाही.

नोव्हेंबर 2022 मध्ये चॅटजीपीटी आल्यापासून उतरवण्याचे श्रमही उरलेले नाहीत. सफाईदार चिंतन-लेखन यंत्र क्षणात लिहून देते. यावर पकडण्याची आज्ञावली हा उपाय नाही. कच्चे खर्डे, तारखा, दुरुस्त्या आणि समोरासमोरचा पाच मिनिटांचा संवाद हेच विश्वासाचे साधन राहते. किराणा दुकानाच्या वहीविषयी शिक्षकाने एक प्रश्न विचारला की लेखन कोणाचे ते कळते.

त्यामुळे लहान आरंभ श्रेयस्कर. सर्व विषयांऐवजी एक विषय, सर्व वर्गांऐवजी एक वर्ग. अमेरिकेतील सॉल्ट लेक कम्युनिटी कॉलेजने 2010 पासून सामान्य शिक्षणाच्या प्रत्येक विषयात एक ठळक काम आणि त्यावरील चिंतन संचिकेत ठेवण्याची पद्धत घातली. त्यातील 'प्रत्येक विषयात एकच काम' हा भाग आपल्याकडे विशेष घेण्याजोगा आहे. लागार्डियाकडून घ्यायचा तर मदतनीस विद्यार्थ्यांचा धडा घ्यावा. वरच्या वर्गातील विद्यार्थी हे साधन प्रत्येक महाविद्यालयात उपलब्ध असते आणि त्यासाठी निविदा काढावी लागत नाही.

भाषेचाही विचार व्हावा. सीमाभागातील वा हैदराबादसारख्या शहरातील विद्यार्थी घरी एक भाषा बोलतो, शाळेत दुसरी शिकलेला असतो आणि महाविद्यालयात तिसरीत लिहितो. चिंतनासाठी त्याच्यावर इंग्रजी लादले तर तो 'कॉन्फिडन्स वाढला' याच्यापुढे जाणार नाही. कामाच्या खोलीत त्याने मराठी, उर्दू, कन्नड ज्या भाषेत विचार करतो त्या भाषेत लिहावे, आणि दिवाणखान्यात मांडावयाचा निवडक भाग नोकरीच्या भाषेत तयार करावा. एका भाषेतील विचार दुसरीत नेताना तो अधिक स्पष्ट होतो, हा वरकड लाभ.

समारोप

आयनन आणि गॅम्बिनो यांच्या ग्रंथाचे मोल त्यातील आकड्यांपेक्षा वर्णनात आहे. ई-पोर्टफोलिओच्या मागे किती माणसे, किती बैठका आणि किती तास उभे असतात हे त्यातून कळते. त्याचा अभ्यास आपल्या अध्यापकांनी अवश्य करावा. परंतु तो यशाची पाककृती म्हणून न वाचता खर्चाचे अंदाजपत्रक म्हणून वाचावा. पोर्टफोलिओची कल्पना जर्नलाइतकीच जुनी आणि तितकीच चांगली आहे. जर्नल वाया गेले ते कागदामुळे नव्हे, न वाचल्यामुळे. महाविद्यालयाने विद्यार्थ्याकडे पहिले पान मागण्यापूर्वी ते पान कोण वाचणार, कधी वाचणार आणि वाचून त्याच्याशी काय बोलणार, हे आपल्या वेळापत्रकात लिहून ठेवावे.